नकाशावर सही कुणाची?

द्रोणागिरीत बांधकाम चालू असलेल्या प्लॉटच्या पत्र्याच्या कुंपणावर एक फलक दिसतो. सेक्टर, प्लॉट क्रमांक, मालक, विकासक, परवानगीचा क्रमांक आणि तारीख, आणि त्याखाली आर्किटेक्ट व आरसीसी कन्सल्टंट. फलक हौसेने लावलेला नसतो, नियमानेच लावावा लागतो. घर बघायला आलेली मंडळी बिल्डरचं नाव वाचतात, गाडी कुठे लागेल ते विचारतात आणि भावावर येतात. खालच्या दोन ओळींकडे सहसा कुणी बघत नाही. इमारत नीट उभी राहावी म्हणून ज्यांनी सही केलेली असते, आणि ती पडलीच तर ज्यांना कोर्टात उभं राहावं लागतं, ती माणसं त्या दोन ओळींत असतात.

द्रोणागिरी हा सिडकोच्या नवी मुंबईचा उरण तालुक्यातला नोड. सिडको ही राज्य सरकारची शहरविकास संस्था १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्याचं ठरलं. बोकडवीरा, फुंडे, पागोटे, नवघर, भेंडखळ ही या बाजूची गावं. इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीचं पाणी अडवणारे बांध होते. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे १९९० साली ‘साडेबारा टक्के’ योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. सामाजिक सुविधांसाठीची कपात जाऊन हातात पडतात पावणेनऊ टक्के.

हा इतिहास घराच्या नकाशाच्या लेखात सांगायचं कारण असं की, त्यामुळे इथल्या अनेक भूखंडांचा मालक हा कुठली कंपनी नसून एखादं आगरी, कोळी किंवा कराडी कुटुंब असतं. भूखंड लहान, वारस पुष्कळ. कुणी स्वतःचं तीन मजली घर बांधतो, कुणी सिडको आणि बिल्डरबरोबर त्रिपक्षीय करार करून इमारत उभी करतो. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर मूळ चटईक्षेत्र जमिनीच्या दीडपट, म्हणजे २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ३०० चौरस मीटर. शुल्क भरून मिळणारं वाढीव क्षेत्र धरलं की ‘आपलं घर’ म्हणून सुरू झालेलं काम पाहता पाहता स्टिल्टवर चार मजल्यांचं होतं. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची रेल्वे आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतू एकाच दिवशी सुरू झाले. तेव्हापासून या लहान प्लॉटांकडे बघायची नजरच बदलली आहे.

मग घर ‘मोठं’ कधी म्हणायचं? कोणत्या मापापुढे मालकाच्या मर्जीने आणि मिस्त्रीच्या अंदाजाने भागत नाही आणि जाणत्या माणसाची सही लागते? प्रत्येक देशाने ही रेष आपापल्या जागी ओढली आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १,५०० चौरस फुटांपर्यंतचं राहतं घर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या शिक्क्याच्या सक्तीतून सुटतं, त्यावरचं नाही. फ्रान्समध्ये स्वतःसाठी घर बांधणाऱ्यालाही १५० चौरस मीटरच्या पुढे आर्किटेक्ट घ्यावाच लागतो. ही मर्यादा आधी १७० होती, २०१७ साली ती खाली आणली. दोन्हीकडे माप घराच्या क्षेत्रफळाचं आहे.

आपल्याकडे आधी प्लॉट बघतात, मग मजले आणि उंची. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये बहुतेक राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आणली. व्यवहारात तिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या छोट्या घराला परवानगीची प्रक्रिया तिने जवळजवळ नावापुरती ठेवली आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निकाल लावायचं ठरवलं. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले हे चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. सरकारी छाननी जितकी हलकी, तितका भार नकाशावर सही करणाऱ्यावर. ‘परवानगी लागत नाही’ याचा अर्थ ‘जाणकार लागत नाही’ असा काढणारे खूप भेटतात.

सही कोण करू शकतो, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. आर्किटेक्टसाठी देशाचा कायदा आहे, १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम. त्याखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असेल त्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोंदणी नसताना ती उपाधी लावली तर पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने सांगितलेला दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. आज साइटवर पाचशे रुपयांत बिगाऱ्याची एक दिवसाची मजुरी निघणंही कठीण. त्यातही हा कायदा संरक्षण देतो ते फक्त उपाधीला. नोएडा प्राधिकरणातल्या पदांवरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२० मध्ये निकाल आला: नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येणार नाही, पण इमारतींचं आरेखन करण्याचं काम हा कायदा फक्त नोंदणीकृतांपुरतं राखून ठेवत नाही. इंग्लंडचा कायदाही असाच आहे, तिथेही रक्षण उपाधीचंच.

अभियंत्यांची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. डॉक्टरला, वकिलाला, चार्टर्ड अकाउंटंटला, आर्किटेक्टला देशपातळीवरचा कायदा आहे. ज्याच्या आकडेमोडीवर आपण डोक्यावर स्लॅब घेऊन झोपतो, त्या सिव्हिल इंजिनिअरला तसा देशव्यापी परवाना कायदा नाही. त्याची पात्रता ठरते ती बांधकाम नियमावलीत. म्हणून कुणी काय करायचं याचं खरं उत्तर यूडीसीपीआरच्या परिशिष्ट ‘सी’मध्ये सापडतं. ते बहुतेक घरमालकांनी उघडलेलंही नसतं.

तिथे चार प्रकारची माणसं आहेत: आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर. अशा वर्गवारीचा मूळ साचा राष्ट्रीय इमारत संहितेचा. तिच्या २००५ च्या आवृत्तीत रेषा स्पष्ट आहेत. सिव्हिल इंजिनिअर सर्व प्रकारचे नकाशे सादर करू शकतो, पण इमारतीच्या सांगाड्याची, म्हणजे आरसीसीची, आकडेमोड त्याने करायची ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर आणि पाच मजले किंवा १६ मीटर उंचीपर्यंत. त्यापुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे सिव्हिलची पदवी आणि या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. या शाखेत पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं, डॉक्टरेट असेल तर एक. सुपरवायझरचा अधिकार लहान, कमी मजल्यांच्या घरांपुरता.

आता द्रोणागिरीच्या प्लॉटवर ही रेष लावून बघा. साडेबारा टक्क्यांचे कितीतरी भूखंड ५०० चौरस मीटरच्या आतले, इमारती १६ मीटरच्या आसपास. म्हणजे कागदोपत्री साध्या इंजिनिअरची सही पुरावी अशा नेमक्या टप्प्यात त्या बसतात. आणि इथली जमीन मात्र साधी नाही.

वरचा थर भरावाचा, मुरूम आणि डबर. त्याखाली खाडीचा काळा चिखल, भूतांत्रिक अभियंते त्याला मरीन क्ले म्हणतात. त्याच्याही खाली दख्खनचा बेसॉल्ट. हा चिखल पाण्याने भरलेला असतो आणि त्यावर वजन पडलं की पाणी अगदी हळूहळू, वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतं. तितकी वर्षं जमीन खचत राहते. म्हणून इमारतीचा भार चिखलावर न ठेवता पाइलने थेट खडकावर न्यायचा. इथवर बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते पुढचं. भरावाच्या वजनाने भोवतालचा चिखल खाली बसू लागला की तो पाइलला चिकटून तिलाही खाली ओढतो. अभियांत्रिकीत याला ‘निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन’ म्हणतात. एरवी बाजूची माती पाइलला आधार देते, इथे तीच माती ओझं बनते. इमारतीच्या वजनात हे ओढीचं वजन मिळवून पाइलची क्षमता ठरवावी लागते. डोंबिवलीतल्या पक्क्या मुरमावरचं जुनं डिझाइन उचलून इथे लावणाऱ्याच्या आकडेमोडीत ते नसतं.

खडक किती खोल, हे शेजारच्या प्लॉटवरून सांगता येत नाही. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी एक, खाडीकडे सरकलात की वेगळंच. म्हणून सॉइल टेस्ट, म्हणजे त्याच प्लॉटवर बोअर घेऊन केलेली तपासणी. तिचा अहवालही कुणीतरी सही करून दिलेला असतो आणि पायाचं डिझाइन त्यातल्या आकड्यांवर उभं असतं. पाइल झाल्यावर तिची भारचाचणी घ्यायची असते. भारतीय मानकाप्रमाणे कामावरच्या नमुना पाइलवर तिच्या नेहमीच्या भाराच्या दीडपट भार टाकून ती किती खचते ते मोजतात. चाचणीला खर्च येतो, दिवस जातात, म्हणून ती टाळायचा मोह होतो. माझ्या मते इथल्या इमारतीच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद हाच. दर्शनी भागाच्या रंगीत चित्रापेक्षा कितीतरी मोलाचा.

दुसरा शत्रू हवेत आहे. काँक्रीट ताजं असताना तीव्र अल्कली असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. खारी हवा आणि खारं पाणी यांतले क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत उतरतात आणि तो थर फोडतात. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं आणि खपल्या पडतात. म्हणून आयएस ४५६ हे मानक समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसीसाठी किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर सांगतं. घराच्या आतल्या कोरड्या भागासाठी हाच आकडा २० मिलिमीटर आहे. कव्हर ब्लॉक म्हणजे सिमेंटचा एक क्षुल्लक तुकडा, तो ठेवायला विसरलं की प्लास्टरखाली काही दिसत नाही. आरसीसीत वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. उरणच्या बाजूला बोअरचं पाणी कुठे कसं लागतं हे तिथल्या लोकांना सांगायला नको. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता का, हा प्रश्न तरीही क्वचितच विचारला जातो.

तिसरी गोष्ट भूकंपाची. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा सगळा परिसर झोन ३ मध्ये आहे. अहमदाबादही झोन ३ मध्येच होतं. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र भूजजवळ, अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं. तरीही तिथे कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग असलेल्या होत्या. तळमजल्यावर भिंती नाहीत, नुसते खांब. वर सगळे मजले भिंतींनी ताठ. हादरा बसला की सगळं वाकणं त्या एकाच मजल्यात गोळा होतं. द्रोणागिरीच्या लहान प्लॉटवर गाड्यांसाठी स्टिल्ट लागतोच, त्याला इलाज नाही. पण मग त्या खांबांचं डिझाइन वेगळं, रिंगांमधलं अंतर कमी, सांध्यांची बांधणी आयएस १३९२० प्रमाणे. साइटवर ‘एक खांब जरा सरकवा, गाडी वळत नाही’ असं सहज म्हटलं जातं. त्या खांबाचं डिझाइन ज्याने केलं त्याच्या लेखी संमतीशिवाय तो बोटभरही हलता कामा नये.

भूजनंतरच देशभर सह्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. केंद्रीय गृहमंत्रालयाने प्रा. आनंद आर्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००४ साली बांधकाम नियमांत बदल सुचवले. त्यांचा रोख हाच होता की डिझाइन करणारा, देखरेख करणारा आणि बांधणारा, प्रत्येकाने आपापल्या कामाचं प्रमाणपत्र स्वतंत्रपणे द्यावं.

त्याची गरज किती आहे, हे रायगड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली, १६ माणसं गेली. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांच्या आतबाहेरची. पोलिसांनी गुन्हा नोंदवला त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटही होते, नगरपरिषदेचे अधिकारीही होते. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास आधीच्या दंडसंहितेत शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. नकाशा न बघता शिक्का देणाऱ्यांनी हा बदल नीट वाचावा. असे शिक्के मिळतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: नकाशा काढतो एक, सही करतो दुसरा, आणि साइटवर त्या दोघांपैकी कुणीही फिरकत नाही.

सहीची वेळ एकदाच येत नाही. परवानगीसाठी अर्ज करताना मालक, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सह्या करतात आणि प्राधिकरण प्रारंभ प्रमाणपत्र देतं, बोलीभाषेत ‘सीसी’. जोत्यापर्यंत काम आलं की प्लिंथ तपासणी. काम संपल्यावर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर पूर्णत्वाचं प्रमाणपत्र देतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर स्टॅबिलिटीचं. मगच भोगवटा प्रमाणपत्र, ‘ओसी’. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावरच वीज-पाण्याच्या कायम जोडण्या द्याव्यात, आणि बँकांनीही तारण म्हणून इमारत घेताना ही प्रमाणपत्रं तपासावीत. ओसीशिवाय राहायला जाऊ नका हे सांगून सांगून थकलेल्यांना निदान त्यामुळे बळ मिळालं.

इमारत आणखी वाढली की सह्यांची रांगही वाढते. १५ मीटरपासून पुढे राष्ट्रीय संहिता उंच इमारत धरते आणि अग्निशमनाचा विषय येतो. नव्या विमानतळामुळे उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला. खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे निर्बंध, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा. २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी. हे सगळं मोठ्या विकासकांना पाठ असतं आणि त्यांच्याकडे त्यासाठी माणसं असतात.

खरी फट मधल्या आकारात आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात, आणि ते काढताना काम किती झालं याचा दाखला आर्किटेक्टने, किती खर्च झाला याचा इंजिनिअरने आणि हिशेबाचा सीएने द्यावा लागतो. हे दाखले महारेराच्या संकेतस्थळावर बघता येतात. पण २०१६ च्या या कायद्यातून ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प नोंदणीतून सुटतात. इथला ‘किंवा’ महत्त्वाचा. ४०० चौरस मीटरच्या प्लॉटवर बारा-पंधरा सदनिका बसवल्या तरी जमिनीच्या मापामुळे नोंदणी लागत नाही. म्हणजे जिथे साध्या इंजिनिअरची सही चालते, नेमकं तिथेच रेराचं लक्षही नाही. कायदा करणाऱ्यांनी लहान बांधकामदाराची डोकेदुखी वाचवली हे समजतं. पण खाडीकाठच्या चिखलावर ५०० चौरस मीटरची रेष ओढणं मला पटत नाही. इथे माप प्लॉटचं न धरता पायाखालच्या जमिनीचं धरायला हवं आणि पाइल लागणाऱ्या प्रत्येक इमारतीला अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर सक्तीचा करायला हवा. तीन वर्षांचा अनुभवही इथे थोडाच.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर प्लॉट देणाऱ्या कुटुंबाने विकासकाशी करार करतानाच त्यात लिहून घ्यावं: स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, तो पायापासून शेवटच्या स्लॅबपर्यंत कोणत्या टप्प्यांवर साइटवर येणार, सॉइल रिपोर्टची आणि पाइल चाचणीची प्रत कुणाला मिळणार. घर घेणाऱ्याने आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक मागावा. तो ‘सीए’, मग वर्ष, मग आकडे अशा स्वरूपाचा असतो आणि वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. काँक्रीटच्या क्यूबचे २८ दिवसांचे अहवाल मागावेत. नाही म्हणाले तर का नाही, ते विचारावं. आणि सोसायटी झाल्यावर आरसीसीच्या नकाशांचा पूर्ण संच बिल्डरकडून लेखी पोच देऊन ताब्यात घ्या. वीस वर्षांनी बाल्कनीची सळई उघडी पडेल तेव्हा दुरुस्ती करणारा इंजिनिअर पहिल्यांदा तोच मागणार आहे.